फुकट काढलेली दाढ

रिफअत बनहावी यांची खालची उजवी दाढ काढायला एकंदर किती खर्च आला, याबद्दल कफ्र सरदूकमध्ये आजही दोन मतं आहेत. गावाच्या मते एक दमडीही नाही. रिफअत यांच्या मते एकशे साडेशहाऐंशी गिनी आणि अठ्ठावीस वर्षांची नोकरी. नोकरी तशी शाबूत आहे, म्हणजे ते रोज आठला जातात, दोनला येतात, एक तारखेला पगार होतो. पण गेली ती नोकरी वेगळी, असं ते म्हणतात. लोक मान डोलावतात आणि विषय बदलतात.

नगरपालिकेच्या पाटी-परवाना खात्यात ते कारकून. दुकानाची, दवाखान्याची, वकिलाची पाटी भिंतीपासून रस्त्यावर किती पुढे यावी, हे बघायचं काम. नियम ऐंशी सेंटिमीटरचा. कफ्र सरदूकमध्ये नियमात बसणारी पाटी बघायची झाली तर कब्रस्तानात जावं लागतं. बाकी गाव एकमेकांच्या डोक्यावरून पाट्या पुढे काढत आलेलं. अशा गावात, अशा खात्यात, जिथे माणूस आत येतानाच खिशात हात घालून येतो, तिथे रिफअत घरून थर्मासमध्ये स्वतःचा चहा नेत. कोणाच्या अर्ध्या पेल्याचाही मी मिंधा नाही, हे वाक्य ते वर्षातून दोनदा तरी बोलत, आणि ते खरं होतं. जमीन नाही, गाडी नाही, मुलगा कुवेतला जाऊन पत्रसुद्धा पाठवत नाही. तेव्हा ही एवढीच त्यांची इस्टेट.

दाढ दुखायला लागली तेव्हा ते आधी सरळ मार्गाने गेले. सरकारी नोकराच्या तोंडातल्या दातांची काळजी सरकारी विमा घेतो, असं कागदावर आहे. त्यासाठी जिल्ह्याच्या गावी जायचं. पहिल्या खेपेला अर्जावर तिकीट कमी निघालं. दुसऱ्या खेपेला साहेब जनाज्याला गेले होते. तिसऱ्या खेपेला मंजुरी हातात पडली, पण ती वरच्या डाव्या दाढेची. खिडकीतल्या बाईंना त्यांनी गाल दाखवला. गाल एव्हाना स्वतःच पुरावा झाला होता. बाई म्हणाल्या, दुरुस्ती समितीपुढे जाईल, समिती महिन्याच्या पहिल्या रविवारी बसते. मग जरा माया येऊन त्यांनी विचारलं,

"वरची डावी मंजूर आहेच, तर तीच काढून घेता का?"

चौदा गिनी प्रवासात आणि तिकिटांत गेले ते इथे. उरला डॉक्टर सर्वत यांचा खाजगी दवाखाना. गावात दुसरा दंतवैद्य नव्हता. आणि अडचण अशी, की डॉक्टर सर्वत यांची फाइल रिफअत यांच्याच टेबलावर होती. पाटी एक मीटर बारा. रिफअत यांनी स्वतः टेप लावून मोजली होती. पाटीच्या रस्त्याकडच्या टोकाकडे कलिंगडाएवढी पांढरी दाढ रंगवलेली, आणि ऐंशीची रेघ नेमकी त्या दाढेच्या मधोमध पडत होती. नामंजुरीचा शेरा मनात तयार होता. तो कागदावर उतरायच्या आत गाल सुजला.

त्यांनी विचार केला, रोखीचा व्यवहार आहे. माणूस ज्या टॅक्सीतून जातो तिचं भाडं देतो आणि उतरतो. टॅक्सीवाल्याशी त्याचं नातं लागत नाही. डॉक्टर दाढेचे तीस घेतात, हे गावाला ठाऊक होतं. दहा-दहाच्या तीन कोऱ्या नोटा घडी करून त्यांनी सदऱ्याच्या खिशात ठेवल्या आणि जिना चढले.

आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी, कारण सगळी माती तिथेच झाली. कफ्र सरदूकमध्ये कोणीही पैसे घेण्याआधी ते नाकारतो. किती झाले म्हणून विचारलं की समोरचा छातीवर हात ठेवून म्हणतो, राहू द्या, आमच्याकडून. याचा अर्थ, द्या. आपण म्हणायचं, छे छे, असं कसं. तो म्हणतो, माझ्या गळ्याची शपथ. आपण पुन्हा नोट पुढे करायची. तिसऱ्यांदा तो अत्यंत दुःखी चेहऱ्याने ती घेतो आणि उजेडात धरून बघतो. न्हावी असो, टॅक्सीवाला असो, कबर खणणारा असो, तीनदा म्हणजे तीनदा. दोनदा म्हणून थांबलात तर तुम्ही कंजूष. या खेळात रिफअत मुरलेले होते. त्यांच्यापुढे भलेभले दुसऱ्या खेपेलाच नोट घेत.

दाढ निघायला पाऊण तास लागला. डॉक्टर सर्वत तसे हळुवार हाताचे, पण दाढ हट्टी होती. कंपाउंडर शलबी, साठीचा माणूस, रिफअत यांचं डोकं काखेत धरून उभा. मध्येच आत काहीतरी कडकन मोडलं. डॉक्टर नुसतं "हं" म्हणाले. मग दाढ ताटलीत वाजली, कापसाचा बोळा आला आणि काम झालं.

रिफअत उठले, खिशातून नोटा काढल्या आणि "किती" असं म्हणाले. अर्धी जीभ मेलेली असल्याने ते एखाद्या रेडकाने म्हटल्यासारखं ऐकू आलं. डॉक्टरांनी छातीवर हात ठेवला. "राहू द्या उस्ताद, आमच्याकडून."

इथवर सगळं रीतीप्रमाणे होतं. आता पाळी रिफअत यांची. त्यांनी तोंड उघडलं.

"बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "कापूस दाबून धरा. अर्धा तास दातावरचा दात हलता कामा नये, नाहीतर रक्त थांबायचं नाही."

रिफअत यांनी भुवयांनी आग्रह केला. पण भुवया यात धरत नाहीत. त्यांनी नोटा पुढे केल्या, डॉक्टरांनी त्या त्यांच्याच खिशात परत कोंबल्या, हेही रीतीप्रमाणेच. पण त्यानंतर जे शब्द यायला हवे होते ते कापसाच्या मागे अडकून राहिले. शलबीने कोपराला धरून दारापर्यंत नेलं. सुजल्या गालाची एक बाई आत आली. दार लागलं. रिफअत रस्त्यावर आले तेव्हा त्यांच्या डोक्यावर एक मीटर बारा सेंटिमीटर सावली पडली होती.

घरी त्यांच्या बायकोने, इनशिराहने, त्यांच्याकडे पाहिलं आणि खिसा तपासला. ती त्यांना मुलाच्या नावाने हाक मारी. "अबू हातिम, तीस गिनी घेऊन गेलात, तीस घेऊन परत आलात, आणि चेहरा असा केलाय की तीस हरवले."

अर्ध्या तासाने कापूस थुंकून परत जावं, असं त्यांच्या मनात होतं. पण तोवर खालच्या मजल्यावरचे हाजी मितवल्ली विचारपूस करायला वर आले. हे निवृत्त पोस्टमास्तर. आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं इकडून तिकडे केल्याने, दुसऱ्यांच्या भानगडीही योग्य पत्त्यावर पोचवता येतात अशी त्यांची समजूत होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, दोन पेले चहा घेतला आणि निकाल दिला. आता पैसे परत न्यायचे म्हणजे माणसाचा मोठेपणा त्याच्या तोंडावर फेकायचा. तो खरंच मनापासून म्हणाला असेल तर? आणि नुसतं म्हणायचं म्हणून म्हणाला असेल, तर त्याला तसं दाखवून देणं आणखी वाईट. पैसे नाही, फळं पाठवा. फळात दोन्ही अर्थ बसतात.

दुसऱ्या दिवशी उवैस जातीच्या आंब्यांची पाच किलोची टोपली डॉक्टरांच्या घरी गेली. अठ्ठावीस गिनी. फीपेक्षा दोन कमी, हा हिशोब रिफअत यांनी मुद्दाम ठेवला होता, कारण जास्त झाले असते तर उपकार उलटे चढले असते. उजव्या बाजूने काही चावता येत नव्हतं, तरी त्या संध्याकाळी ते समाधानाने पातळ खिचडी जेवले.

पण रिकामी टोपली परत पाठवायची नसते, हे डॉक्टरांच्या बायकोला, डॉक्टरीणबाईंनाही, त्यांच्या आईने शिकवलं होतं. तिसऱ्या दिवशी टोपली परत आली ती तुपात न्हालेल्या पापुद्र्यांच्या फतीराने भरून, वर मधाची बरणी. इनशिराहने बरणी उजेडात धरली आणि खाटेवर बसली. मध डोंगरातला होता. हे आंब्याच्या बरोबरीचं नव्हतं. आंब्याला खाली बघायला लावणारं होतं. बरणी रिकामी कशी पाठवायची? बरणी परत न पाठवायची तर मग ठेवून घेतली म्हणतील. अखेर बरणीसोबत बदकांची जोडी गेली, चाळीस गिनी. पुढच्या आठवड्यात ज्या पातेल्यात बदकं गेली होती ते पातेलं आलं, त्यात भात भरलेली कबुतरं. मग चोवीस गिनींचा बसबूसा, रव्याची पाकातली मिठाई, गेला, तो हलवायाच्या खोक्यात, कारण खोकं परत करावं लागत नाही. ही युक्ती इनशिराहची. त्या घरात त्या महिन्यात कोणाला काही सुचलं असेल तर ते तिलाच. डॉक्टरीणबाईंनी खोकंही परत पाठवलं.

इकडे फाइल ड्रॉवरमध्ये. मंजुरी लिहावी, तर दाढेच्या बदल्यात लिहिली. नामंजुरी लिहावी, तर ज्याची कबुतरं खाल्ली त्याच्या पोटावर पाय. रिफअत रोज सकाळी ड्रॉवर उघडत, फाइल वरची खाली करत आणि ड्रॉवर लावत. सहकारी बघत होते. अठ्ठावीस वर्षांत त्या टेबलावर कागद कधी निजला नव्हता.

हाजी मितवल्लींना पुन्हा बोलावण्यात आलं, म्हणजे ते आलेच. यावेळी त्यांनी आपल्या जुन्या खात्याचा आधार घेतला. मनीऑर्डर करा, म्हणाले. पोस्टाचं हेच तर बरं असतं, देणाऱ्याला घेणाऱ्याचं तोंड बघावं लागत नाही. ना आग्रह, ना शपथा. पोस्टमन नोटा मोजतो, माणूस सही करतो, संपलं. रिफअत यांना हे इतकं स्वच्छ वाटलं की त्यांनी त्याच दिवशी रजा टाकली. फॉर्मवर कारणाचा रकाना होता. त्यांनी "खाजगी" लिहिलं. खिडकीतला माणूस म्हणाला खाजगी चालत नाही. त्यांनी "दाढ" लिहिलं. तो बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिला आणि शिक्का मारला. पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून रिफअत यांनी कचेरीचा दिला, कारण बदकांनंतर घरात पैशाचा विषय काढायची सोय उरली नव्हती. हशिलाचे साडेतीन गिनी वेगळे.

नऊ दिवसांनी, सकाळी अकराच्या सुमाराला, जेव्हा पाटी-परवाना खात्यात अर्जदारांना उभं राहायला जागा नसते, तेव्हा पोस्टमन आला. दारातूनच त्याने वाचलं,

"बनहावी, रिफअत. डॉक्टर सर्वत, दंतवैद्य, यांच्याकडून तीस गिनी. इथे सही करा."

रिफअत यांनी सांगितलं की हे त्यांचेच पैसे आहेत, त्यांनी पाठवलेले, डॉक्टरांनी न घेतल्याने परत आलेले. हे ते मोठ्याने आणि दोनदा बोलले. सगळ्यांनी समजुतीने मान हलवली. कोपऱ्यातल्या एका अर्जदाराने शेजारच्याला विचारलं की सरकारी माणसाला पोस्टाने पाठवलेलं चालतं का. आपण उगाच इतकी वर्षं हातात देत आलो. रिफअत यांनी सही केली. न करून काय करतात. पैसे त्यांचेच होते.

मोठ्या साहेबांनी त्यांना आत बोलावलं, बसायला सांगितलं आणि स्वतःच्या हाताने दार लावलं. रिफअत यांना वाटलं चौकशी लागणार, आणि खरं सांगायचं तर त्यांना जरा हायसं वाटलं. चौकशीत तरी कोणी ऐकून घेतं.

"उस्ताद रिफअत," साहेब म्हणाले, "अठ्ठावीस वर्षं मी तुम्हाला उगाच लांब ठेवलं. ते सोडा. पण तीस? एक मीटर बाराच्या पाटीला तीस? तुम्ही नवीन आहात, म्हणून सांगतो, असे दर बिघडवू नका. बाकीच्यांनाही मुलंबाळं आहेत."

रिफअत म्हणाले, मी काही घेतलेलं नाही, उलट एक दाढ दिली आहे. साहेब इतके हसले की त्यांनी डोळे पुसले आणि बाहेर जाताना रिफअत यांच्या पाठीवर थाप मारली. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदाच.

त्या थापेनेच की काय, दाढ पुन्हा दुखायला लागली. आता दाढ तिथे नव्हती, हे खरं. पण तो कडकन आवाज झाला होता, तेव्हा मूळ आतच राहिलं होतं. लवंगा झाल्या, गोळ्या झाल्या, सतरा गिनींच्या. डॉक्टरांकडे जाऊन भांडावं, तर फुकटच्या कामाबद्दल कोणत्या तोंडाने भांडणार? दुसऱ्या गावच्या डॉक्टरकडे जावं, तर जिल्ह्यात दोन दंतवैद्य एकमेकांना न ओळखता राहतील असं झालेलं नाही, आणि सर्वत यांची बदनामी केली असंही झालं असतं. माणसाने पैसे मोजले असते तर आज त्याला ओरडता आलं असतं, हे रिफअत यांना गाल धरून बसल्या बसल्या नीट समजलं. ओरडण्याचा हक्क तीस गिनीत मिळत होता.

चौथ्या दिवशी ते जिना चढले. शलबीने डोकं काखेत घ्यायच्या आत, कापूस, सुई, काहीही तोंडाजवळ यायच्या आत, त्यांनी साठ गिनी टेबलावर मांडले.

"तीस मागचे, तीस आजचे. डॉक्टर, छातीवर हात ठेवू नका. आज माझं तोंड मोकळं आहे."

डॉक्टर सर्वत यांचा हात अर्ध्यावर आला होता, तो त्यांनी खाली घेतला. खुर्ची ओढून बसले. एकाएकी ते फार थकलेले दिसले.

"खरं सांगू, उस्ताद? मी नुसतं म्हणायचं म्हणून म्हणालो होतो. मला वाटलं, शलबी दारात घेईल."

"मला वाटलं, डॉक्टरसाहेबांनी पाटीसाठी सोडले," शलबी म्हणाला.

"मग तुमचे आंबे आले. बायको म्हणाली, बघा, केवढा खानदानी माणूस. तेव्हापासून घरात तूप पुरत नाही. मध तिच्या भावाने येमेनहून आणला होता, घरात कोणाला चाखूही न देता पाहुण्यांसाठी जपून ठेवलेला. बदकं आली त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हटलं, आता कबुतरं द्यावी लागणार."

"आणि मनीऑर्डर?"

"कारण 'दाढ' लिहिलेली मनीऑर्डर? मला वाटलं, आयकरवाल्यांनी सापळा लावलाय. सही केली असती तर प्रत्येक दाढेचा हिशोब मागितला असता."

दोन्ही घरांचं त्या दाढेपायी दिवाळं निघालं होतं, आणि दोघांपैकी एकालाही एक घास गोड लागला नव्हता. मग रिफअत म्हणाले, पावती द्या.

कफ्र सरदूकमध्ये दंतवैद्याकडे पावती मागितल्याचं कोणाच्या ऐकिवात नाही. शलबीने देवाचं नाव घेतलं. पण डॉक्टरांनी औषधाच्या चिठ्ठीवर लिहून दिलं: दाढ एक, दोन वेळा काढली, साठ गिनी रोख मिळाले. सही, तारीख. मग मूळ काढलं, यावेळी दहा मिनिटांत, आणि पाटीबद्दल एक अक्षरही काढलं नाही. ते त्यांनी काढलं असतं तर रिफअत यांना पुढचं काम सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी रिफअत यांनी ड्रॉवर उघडला. पावती फाइलला टाचली, म्हणजे उद्या कोणी विचारलं तर दाखवता येईल. आणि अठ्ठावीस वर्षं जे अक्षर गिरवलं त्याच अक्षरात शेरा लिहिला: पाटी नियमापेक्षा बत्तीस सेंटिमीटर पुढे, पंधरा दिवसांत कापावी. कागद पुढे पाठवून त्यांनी पेन पुसलं. त्या दिवशी घरी जाताना ते ताठ चालले. कोणाचं देणं नव्हतं.

पाटी कापली गेली. सुताराने सरळ रेषेत करवत चालवली आणि टोकाची ती पांढरी दाढ मधोमध उभी चिरली गेली. अर्धी दाढ रस्त्यावरून सगळ्या गावाला दिसू लागली, आणि सगळं गाव एकाच निष्कर्षाला आलं. फाइल दीड महिना ड्रॉवरमध्ये निजली होती. आंबे, फतीर, कबुतरं, सगळं जाताना-येताना लोकांनी पाहिलं होतं. पोस्टाने तीस आले होते. तोवर पाटी सुरक्षित होती. मग डॉक्टरने बनहावीकडून दाढेचे पैसे घेतले, वर पावती दिली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजून पाच मिनिटांनी पाटी कापायचा हुकूम निघाला. फाइलला टाचलेली पावती ज्याने ज्याने बघितली त्याला त्यात एकच अर्थ दिसला: बघून ठेवा, माझ्याकडून पैसे घेतले की काय होतं. हाजी मितवल्लींनी रिफअत यांची बाजू घेतली. ते सगळ्यांना सांगत की माणूस कडक आहे, पण पैशाला हात लावत नाही, घ्यायचं ते वस्तूंतच घेतो.

त्या गुरुवारी रिफअत चीज घ्यायला चौकातल्या अर्फा वाण्याकडे गेले. पाव किलो, नेहमीसारखं. अर्फाच्या दुकानाची पाटी एक मीटर चाळीस आहे. त्याने चीज तोललं, काटा पाव किलोच्या बराच पुढे गेला तरी थांबला नाही, कागदात गुंडाळून पुढे ठेवलं आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. रिफअत यांनी नोट पुढे केली. अर्फाने ती पाहिलीच नाही. त्यांनी नोट काउंटरवर ठेवली. अर्फाने फडक्याने काउंटर पुसत पुसत ती त्यांच्याकडे सरकवली.

"अर्फा, पैसे घे."

"माझं काही चुकलं का उस्ताद?" अर्फा हलक्या आवाजात म्हणाला. त्याचा चेहरा खरोखर उतरला होता. "मला तीन मुली आहेत."

रिफअत यांनी चीज उचललं आणि परत काउंटरवर ठेवलं. अर्फाने त्या पुड्याकडे पाहिलं, मग रिफअत यांच्याकडे पाहिलं, आणि त्याच्या लक्षात आलं की कमी पडलं. त्याने खाली वाकून बरणी काढली आणि पुड्यावर अर्धा किलो ऑलिव्ह ठेवले.